देशी लष्करी ड्रोनवरची शंका आली कुठून?

लष्करासाठी ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज ही खासगी कंपनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या महापे एमआयडीसीत आहे. पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ती २००७ मध्ये सुरू केली. घराजवळच असा कारखाना असूनही, देशातल्या कोणत्याही खासगी कंपनीने 'संपूर्ण देशी' लष्करी ड्रोन तयार केल्याची बातमी आली की ठाणे, ऐरोली, वाशी भागात पहिला प्रश्न निघतो तो आतले सुटे भाग कुठून आणले याचा. रबाळे, महापे, तुर्भे येथे सर्किट बोर्ड जुळवणारी, साचे बनवणारी आणि मोटारी गुंडाळणारी असंख्य माणसे राहतात, आणि कोणता भाग येथे बनतो व कोणता खोक्यातून येतो हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक असते. अशी शंका घेणाऱ्यांना देशाच्या प्रगतीचे वावडे आहे, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. ही शंका गेल्या तीस वर्षांच्या अनुभवातून तयार झाली आहे.

त्या अनुभवाची सुरुवात खासगी कंपन्यांपासून झालेली नाही. डीआरडीओच्या बंगळूर येथील प्रयोगशाळेने बनवलेले 'निशांत' हे वैमानिकाविना उडणारे टेहळणी विमान १९९५ मध्ये पहिल्यांदा उडाले. ते ट्रकवरच्या रुळांवरून झेपावत असे आणि पॅराशूटने खाली उतरत असे. लष्कराने अशी चार विमाने घेतली, ती चारही कोसळली आणि २०१५ मध्ये हा कार्यक्रम गुंडाळावा लागला. त्याआधीच, २०११ मध्ये, सुमारे दीड हजार कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळून 'रुस्तम-२', म्हणजे पुढचे 'तापस', हे मोठे टेहळणी ड्रोन हाती घेण्यात आले होते. तीस हजार फूट उंची आणि सलग चोवीस तासांचे उड्डाण ही सैन्याची अट होती. यंत्र जवळपास अठ्ठावीस हजार फूट आणि अठरा तासांपर्यंत पोहोचले. दरम्यान २०१९ आणि २०२३ मध्ये चित्रदुर्ग परिसरात दोन अपघात झाले, आणि २०२४ च्या आरंभी अग्रक्रमाच्या प्रकल्पांमधून तापसचे नाव वगळण्यात आले. या साऱ्या काळात टेहळणीचा भार इस्रायलकडून घेतलेली 'सर्चर' आणि 'हेरॉन' ही विमाने वाहत होती. सरकारी प्रयोगशाळेला इतकी वर्षे जे साधले नाही ते एखादी कंपनी दोन-तीन वर्षांत करून दाखवते असे सांगितल्यावर लोकांनी भुवया उंचावल्या तर त्यात नवल नाही.

संरक्षण उत्पादनाचे दार खासगी उद्योगांना २००१ मध्ये उघडले, तरी ड्रोनच्या बाबतीत पुढची बरीच वर्षे फारसे काही घडले नाही. आयडियाफोर्जने डीआरडीओबरोबर विकसित केलेला 'नेत्र' हा छोटा ड्रोन २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात अडकलेली माणसे शोधण्यासाठी वापरला गेला. मात्र चित्र बदलले ते २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये चिनी सैन्य समोर उभे ठाकल्यावर. तातडीच्या खरेदीचे अधिकार वापरून मागण्या निघू लागल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये याच कंपनीला 'स्विच' या ड्रोनसाठी सुमारे दोन कोटी डॉलरचे कंत्राट मिळाले. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोनचे नियम सैल झाले, फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. जून २०२३ मध्ये कंपनीने ६७२ रुपये दराने शेअर विक्रीस काढले, त्यांना शंभरपटीहून अधिक मागणी आली आणि जुलैमध्ये बाजारात नोंदणी होताना भाव जवळपास दुप्पट झाला. २०२४ च्या अखेरीस तोच भाव विक्रीच्या किमतीखाली होता. लष्कराच्या मागण्या सलग येत नाहीत, हे या धंद्याचे मोठे दुखणे आहे. मात्र भाव पडला म्हणून यंत्र वाईट ठरत नाही, हा फरक त्या काळातल्या चर्चांमध्ये फार थोड्यांनी पाळला.

आयातबंदीच्या त्या आदेशात तयार ड्रोन रोखले होते, सुट्या भागांना मोकळीक होती, आणि शंकेचे खरे मूळ इथे आहे. एखादा छोटा ड्रोन टेबलावर उघडून ठेवला तर गोष्ट लगेच कळते. कार्बन फायबरचे हात, प्लास्टिकचे कवच, वायरिंग आणि पंखे आपल्याकडे बनतात, चांगले बनतात. मोटार येथे गुंडाळता येते, पण तिच्यातले निओडायमियम या दुर्मीळ मृदा धातूचे चुंबक बहुधा चीनमधून आलेले असते. मोटारीचा वेग सांभाळणारा बोर्ड येथे जोडला जातो, त्यावरच्या चिप परदेशी असतात. बॅटरीचा पॅक येथे बांधला जातो, आतले लिथियमचे सेल आयात केलेले असतात. कॅमेऱ्याचा सेन्सर आणि उपग्रहाकडून ठिकाण घेणारी चकतीएवढी पट्टी यांचीही तीच कथा. मग यंत्र देशी किती? १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदी प्रक्रियेनुसार भारतात आराखडा, विकास आणि निर्मिती झालेल्या गटात किमान ५० टक्के देशी वाटा लागतो, पण तो वाटा मोजला जातो किमतीवर. महागडे कवच, जुळणी आणि मजुरी धरून हा आकडा गाठता येतो, आणि यंत्राला कुठे वळायचे हे सांगणारा बोर्ड मात्र बाहेरचा राहू शकतो. सैनिकाच्या दृष्टीने त्या एका बोर्डाचे मोल बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे, आणि टक्केवारीत ते दिसत नाही.

ही भीती निराधार नव्हती हे फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. चीनच्या सीमेवर सामान वाहून नेण्यासाठी मागवलेल्या ४०० ड्रोनची, दोनशे तीस कोटींहून अधिक रकमेची तीन कंत्राटे संरक्षण मंत्रालयाने चिनी भागांच्या कारणावरून रद्द केली. ज्या सैन्यासमोर उभे राहायचे त्याच्याच देशातले इलेक्ट्रॉनिक्स आपल्या ड्रोनमध्ये असेल, तर संदेश फुटण्याचा किंवा यंत्रच दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याचा धोका राहतो.

मोठ्या यंत्रांच्या बाबतीत शंकेला वेगळे कारण होते. हैदराबादमध्ये १० जानेवारी २०२४ रोजी अदानी डिफेन्सचे 'दृष्टी-१० स्टारलायनर' हे टेहळणी ड्रोन नौदलप्रमुखांच्या हस्ते समारंभपूर्वक पुढे आले. छत्तीस तास उडणारे हे यंत्र सत्तर टक्के देशी असल्याचे सांगण्यात आले. त्याचा मूळ आराखडा इस्रायलच्या एल्बिट कंपनीच्या 'हर्मीस ९००'चा आहे, हे जाणकारांनी त्याच दिवशी दाखवून दिले. परवान्यावर यंत्र बनवण्यात कमीपणा नाही, कारण आपला विमान उद्योग त्यातूनच उभा राहिला. पण आराखडा कोणाचा हे जाहिरातीत मागे ढकलले की पुढच्या प्रत्येक दाव्यावरचा विश्वास उणावतो. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरजवळ, नौदलाने ताब्यात घेण्यापूर्वीच्या चाचणीत, असेच एक यंत्र समुद्रात कोसळले.

अपघातांविषयी मात्र लोकांनी थोडा विवेक ठेवायला हवा, असे मला मनापासून वाटते. नौदलाने भाडेतत्त्वावर घेतलेले अमेरिकी 'एमक्यू-९बी' ड्रोन सप्टेंबर २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरात गेले, आणि तरीही पुढच्याच महिन्यात त्याच जातीच्या ३१ यंत्रांचा करार झाला. चाचणीत यंत्र पडणे हा चाचणीचाच भाग आहे. आक्षेप घ्यायचा तर तो चाचण्यांविषयी काहीच कळत नाही याबद्दल घ्यावा. कंपन्या स्वखर्चाने, खरेदीची हमी नसताना, लडाखसारख्या ठिकाणी यंत्रे उडवून दाखवतात. साडेचार हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असते, पंख्याला पकड मिळत नाही, थंडीत बॅटरीची क्षमता घटते, आणि माहितीपत्रकात छापलेला उड्डाणाचा वेळ तेथे टिकत नाही. कोणते यंत्र तेथे टिकले आणि कोणते माघारी आले हे जनतेपर्यंत येत नाही, येतो तो संगीत लावलेला व्हिडिओ. नवी मुंबईच्या रहिवाशाला तर आपल्या शेजारी बनलेले यंत्र उडताना क्वचितच दिसते, कारण मुंबईचा आणि आता नवी मुंबईचा विमानतळ यांच्यामुळे या आकाशावर निर्बंध आहेत आणि पोलीस आयुक्तालये वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढत असतात.

मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरनंतर देशी ड्रोनच्या दाव्यांना ऊत आला. त्यापूर्वीच नागपूरच्या सोलार उद्योगसमूहाने लष्कराला 'नागास्त्र-१' हा लक्ष्यावर जाऊन आदळणारा स्फोटक ड्रोन देण्यास सुरुवात केली होती, आणि त्यात ७५ टक्के देशी वाटा असल्याचे, म्हणजे उरलेला वाटा देशी नसल्याचे, सरळ सांगितले होते. ही पद्धत मला अधिक विश्वासाची वाटते. नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी, देशी क्षमतेविषयी उद्योगांनी सैन्याला खरे सांगावे, असे जाहीरपणे सुनावले. जी गोष्ट सामान्य माणसाने विचारल्यावर त्याला करंटा ठरवले जात होते, तीच आता खरेदी करणाऱ्यांच्या तोंडून आली. एप्रिल २०२५ पासून चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले आहे, त्यामुळे मोटारीतल्या चुंबकाचा प्रश्न आता विश्वासाबरोबरच पुरवठ्याचाही झाला आहे, आणि येथे मोटारी गुंडाळणाऱ्या प्रत्येक कारखान्याला चुंबक कुठून आणायचे याचे उत्तर शोधावे लागणार आहे.