इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी

भारतात नियमित नभोवाणी सेवा सुरू करणारी खाजगी कंपनी. २३ जुलै १९२७ रोजी तिचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि १ मार्च १९३० रोजी कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे देणी भागवण्यासाठी गुंडाळली गेली. पुरती तीन वर्षेही न टिकलेल्या या कंपनीच्या दोन केंद्रांवरच पुढे ऑल इंडिया रेडिओ, म्हणजे आजची आकाशवाणी, उभी राहिली.

कंपनीच्या आधीचा काळ हौशी मंडळींचा होता. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या मदतीने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. फर्माईशही त्यांचीच होती. १९२३ मध्ये मुंबई व कलकत्ता येथील रेडिओ क्लबांनी आणि १९२४ मध्ये मद्रासच्या क्लबाने लहान ताकदीच्या यंत्रांवर कार्यक्रम सुरू केले. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या या प्रयोगांना पैशाची चणचण कायमचीच असे.

१९२६ च्या सप्टेंबरात सरकारने इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीशी करार केला. कंपनीचे अध्यक्ष सर इब्राहिम रहिमतुल्ला होते, तर व्यवस्थापक एरिक डन्स्टन हे बीबीसीतून आलेले. मुंबई केंद्राचे उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले; अफाट अंतरांच्या या देशात नभोवाणीला मोठा वाव आहे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. २६ ऑगस्ट रोजी बंगालचे गव्हर्नर सर स्टॅन्ली जॅक्सन यांच्या हस्ते कलकत्ता केंद्र सुरू झाले. अफाट अंतरांचे म्हणाल, तर दोन्ही ठिकाणचे प्रक्षेपक अवघे दीड किलोवॉटचे होते आणि कार्यक्रम खात्रीने ऐकू येत तो जेमतेम ३० मैलांपर्यंत, म्हणजे ४८ किमी. भोवतीच्या परिसरात. मुंबईचा आवाज पुण्याच्या श्रोत्याला मिळालाच तर नशिबाने. ‘इंडियन’ हे नाव भारदस्त होते खरे, पण प्रत्यक्षात ही दोन शहरांचीच सेवा होती.

त्या वेळचे ऐकणेही सोपे नव्हते. केंद्राजवळ राहणाऱ्याचे काम स्फटिक संचावर भागे. त्याला विजेरी लागत नसे. छपरावर लांब तार ताणायची, गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर तारेची बारीक सुई टेकवत योग्य जागा शोधायची आणि ती सापडली की हेडफोनमध्ये आवाज येई. मेजाला धक्का लागला की सुई सरके आणि गाणे गुल होई. मग पुन्हा शोधाशोध. एवढा खटाटोप करून ऐकणार एकटाच, फार तर दुसऱ्या हेडफोनवर आणखी एक जण. दूरच्या माणसाला व्हॉल्व्हचा, म्हणजे निर्वात नळ्यांचा, संच घ्यावा लागे. तो आयात केलेला आणि महागडा. शिवाय त्याच्या विजेऱ्यांची उस्तवारी वेगळी.

कंपनीचे गणित बिघडले ते इथेच. अधिकृत भांडवल १५ लाख रुपयांचे होते, पण वसूल झाले ते ६ लाख. त्यातले साडेचार लाख दोघांचे होते : इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी आणि राजा धनराजगिरजी नरसिंगगिरजी. दोन केंद्रे उभारण्यातच साडेचार लाख खर्ची पडले. उत्पन्नाच्या वाटा मुख्यतः दोन. श्रोत्याने वर्षाला १० रुपये परवाना फी भरायची, त्यातले ८ रुपये कंपनीला मिळायचे; आणि बाहेरून येणाऱ्या रेडिओ सामानाच्या किमतीवर विक्रेत्यांकडून १० टक्के अंशदान घ्यायचे. परवान्यांची संख्या कंपनीच्या हयातीत आठ हजारांवर गेली नाही. पुरे आठ हजार धरले तरी वर्षाला ६४ हजार, म्हणजे महिन्याला साडेपाच हजारांच्या आतबाहेर रक्कम होते. त्यात दोन शहरांतले कलावंत, अभियंते, स्टुडिओ आणि प्रक्षेपक सांभाळायचे होते. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये परवानाधारक श्रोते वीस लाखांवर होते. शिवाय तिथली मूळ खाजगी प्रसारण कंपनी, म्हणजे बीबीसी, १ जानेवारी १९२७ पासून सार्वजनिक निगमात रूपांतरित झाली होती. ज्या वर्षी लंडनने कंपनीचा प्रयोग आवरता घेतला, त्याच वर्षी तो मुंबईत मांडण्यात आला!

फुकट ऐकणारेही पुष्कळ होते. १८८५ च्या तार कायद्याखाली विनापरवाना ऐकणाऱ्याला पकडणे जिकिरीचे होते. संच नुसता बाळगण्यासाठीही परवाना लागेल, अशी तरतूद १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने केली. पण तोवर कंपनी संपली होती. विक्रेतेही अंशदान टाळत. कंपनीने खर्च कमी केला, तसे कार्यक्रम निकृष्ट होत गेले आणि नवे श्रोते येईनात. सरकारने हात आखडता घेतला.

कंपनी बुडाल्यावर श्रोत्यांनी आणि ज्यांच्याकडे माल पडून होता त्या विक्रेत्यांनी सरकारकडे धाव घेतली. १ एप्रिल १९३० पासून उद्योग व कामगार खात्याने ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या नावाने दोन वर्षांच्या बोलीवर केंद्रे चालवायला घेतली. मंदीचे दिवस होते. ९ ऑक्टोबर १९३१ रोजी सेवा बंद करण्याचा हुकूम निघाला, त्यावर ओरड झाली आणि २३ नोव्हेंबरला तो मागे घेण्यात आला. मे १९३२ मध्ये सेवा कायम ठेवण्याचे ठरले. संचांवरील आयात कर ५० टक्क्यांवर नेल्याने तिजोरीला आधार मिळाला. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची साम्राज्य सेवा सुरू झाल्यावर येथील युरोपीय लोक भराभर संच घेऊ लागले आणि १९३४ अखेर परवाने १६ हजारांच्या घरात गेले. कंपनीला जे श्रोते हवे होते ते असे लंडनच्या कार्यक्रमांमुळे मिळाले, तेही ती गेल्यावर.

१९३५ मध्ये बीबीसीतील लायोनेल फील्डन पहिले नियंत्रक म्हणून आले. त्यांना सेवेचे जुने सरकारी नाव बोजड वाटे. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव त्यांनी संभाषणाच्या ओघात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याच तोंडून काढून घेतले, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. ८ जून १९३६ पासून ते लागू झाले. ‘आकाशवाणी’ हा शब्द मात्र म्हैसूरचा. तेथे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये सुरू केलेल्या खाजगी केंद्राला तो दिला होता. सरकारी सेवेने तो १९५० च्या दशकात स्वीकारला.

कंपनीने १९२७ च्या जुलैत सुरू केलेले ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे कार्यक्रमपत्रिकेचे नियतकालिक तिच्यानंतरही चालू राहिले. डिसेंबर १९३५ मध्ये त्याचे नाव ‘द इंडियन लिसनर’ झाले. २३ जुलै हा दिवस भारतात राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळला जातो. तारीख कंपनीची, पण त्या दिवशी गौरव होतो तो आकाशवाणीचा.