दोन कान, सात स्पीकर आणि थोडी कणीक

आमच्या घराच्या माळ्यावर एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आहे. त्यात पाच स्पीकर आणि एक सबवूफर अकरा वर्षं झोपून आहेत. दादरच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. पुढचे तीन स्पीकर टीव्हीच्या आजूबाजूला कसेबसे बसले, पण मागचे दोन लावायचे कुठे हे काही सुटलं नाही. एकाच्या जागी फ्रिज, दुसऱ्याच्या जागी दार आणि दाराबाहेर सरळ गॅलरी. शिवाय सबवूफर पहिल्यांदा लावला त्या रात्री खालच्या काकू हातात लाटणं घेऊनच वर आल्या. दुसऱ्या दिवशी खोका बांधला.

गेल्या महिन्यात माझा भाचा ओंकार लॅमिंग्टन रोडवरून हेडफोन घेऊन आला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘7.1’, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर. “मामा, तुझा माळ्यावरचा सगळा संसार यात मावलाय,” असं म्हणाला. मी तो उलटसुलट करून पाहिला. दोन वाट्या, प्रत्येकीत एक पडदा. बाकीचे कुठायत? “सॉफ्टवेअरमध्ये.”

माझा पहिला विचार, पोराला कोणीतरी टोपी घातली. मग वाटलं, खऱ्याखुऱ्या सात स्पीकरच्या मधोमध बसलो तरी आवाज शेवटी आत जातो तो दोनच भोकांतून. मागचा, पुढचा, वरचा, बाजूचा, सगळा हिशेब मेंदू दोन कानांच्या दोन पडद्यांवर जे आदळतं त्यावरूनच करतो. मग तेच त्या दोन पडद्यांवर हुबेहूब पोचवलं, तर खोलीत सात स्पीकर असले काय आणि नसले काय! सगळी मेख ‘हुबेहूब’ या शब्दात आहे.

पहिला हिशेब वेळेचा. मुंबईच्या तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण 349 मीटर जातो. अगदी डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात शिरतो, तेव्हा उजवा कान गाठायला त्याला डोक्याला वळसा घालून आणखी 22-23 सेंटिमीटर जायचं असतं. त्याला लागतात सुमारे 0.65 मिलिसेकंद. आवाज समोरून 30 अंश डावीकडे असेल तर हाच फरक 0.26 मिलिसेकंदांवर येतो. परिस्थिती अनुकूल असली तर माणसाला 10 मायक्रोसेकंदांचा फरकसुद्धा कळतो. तेवढ्या वेळात आवाज जेमतेम साडेतीन मिलिमीटर सरकतो, म्हणजे मोहरीचे दोन दाणे शेजारी ठेवावेत इतका.

दुसरा हिशेब जोराचा. 200 हर्ट्झच्या जाड आवाजाची तरंगलांबी पावणेदोन मीटर असते, तो डोक्याला दादच देत नाही, सहज वळून पलीकडे जातो. 5,000 हर्ट्झच्या बारीक आवाजाची तरंगलांबी सातच सेंटिमीटर, त्याला आपलं डोकं भिंतीसारखं आडवं येतं. पलीकडच्या कानावर ध्वनीची सावली पडते आणि फार बारीक आवाजात हा फरक 20 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. जाड आवाजाला वेळ, बारीक आवाजाला जोर, अशी ही वाटणी इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1907 साली मांडली. दोन्हींची हद्द 1,500 हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे दोन्ही खुणा अर्धवटच असतात. ऑफिसात कुणाचा तरी मोबाईल टीं-टीं करतो आणि सगळे आपापले खिसे चाचपतात, त्यात या अडचणीचाही थोडा वाटा असावा.

पण एवढ्यावर भागत नाही. समोरून 30 अंश उजवीकडे असलेला आवाज आणि पाठीमागून 30 अंश उजवीकडे असलेला आवाज, दोघांचा वेळेचा फरक सारखा, जोराचाही जवळपास सारखा. मग मागून आलेल्या स्कूटरचा हॉर्न आपल्याला मागचाच कसा वाटतो?

हे बघायला आम्ही रविवारी दुपारी घरातच एक उद्योग केला. आईला खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर पदर घ्यायला लावला आणि डोकं हलवायचं नाही अशी तंबी दिली. ओंकार अनवाणी फिरत किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा आणि आई बोट दाखवायची. मागे, पुढे, डोक्यावर, गुडघ्यापाशी, एकदाही चुकली नाही. मग किल्ल्यांऐवजी मोबाईलवर एकसुरी 500 हर्ट्झची शिट्टी लावली. डावं-उजवं बरोबर आलं, पण मागचं पुढे आणि पुढचं मागे व्हायला लागलं. आई वैतागली. म्हणाली, “हा आवाज कुठूनच येत नाहीये.” स्वतः रॅले यांनी असाच खेळ हिरवळीवर केला होता. भोवती माणसं गोल उभी करून, डोळे मिटून, त्यांनी आवाजाची दिशा ओळखून पाहिली. माणसाचं बोलणं ओळखू यायचं, नादकाट्याचा शुद्ध सूर मात्र पुढे की मागे ते कळायचं नाही.

किल्ल्यांच्या खणखणाटात कितीतरी वारंवारता एकदम असतात, शिट्टीत एकच. आणि मागचं-पुढचं, वरचं-खालचं ओळखायचं काम करतो तो बाहेरचा कान, म्हणजे आपण जो शाळेत पिळवून घ्यायचो तो. त्याच्या घड्या आणि खोबणी उगाच नाहीत. आवाजाचा काही भाग सरळ भोकात जातो, काही घड्यांवर आपटून किंचित उशिरा. दोन्ही एकमेकांत मिसळले की काही वारंवारता फुगतात, काही दबतात. कुठल्या दबतात हे आवाज कुठून आला त्यावर ठरतं. विशेषतः 6,000 ते 10,000 हर्ट्झच्या पट्ट्यात पडणारा एक खड्डा आवाज वर जाईल तसा वरच्या वारंवारतांकडे सरकतो. मेंदूने लहानपणापासून हे खड्डे पाठ केलेले असतात. एकसुरी शिट्टीत मुळात एकच वारंवारता, तिच्यात खड्डा पडणार तरी कुठे?

मग आईने भिजवलेल्या कणकेतला एक गोळा ओंकारच्या वाट्याला आला. दोन्ही कानांच्या घड्या कणकेने बुजवल्या. भोक तेवढं मोकळं ठेवलं, ते बंद करायचं नाही. पुन्हा किल्ल्या. डावं-उजवं ठणठणीत. पण जुडगा डोक्यावर धरला की पठ्ठ्या कमरेकडे बोट दाखवायचा.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1998 साली हेच जास्त शहाणपणाने केलं. कणकेऐवजी कानाच्या खोबणीत बसणारे साचे बनवले आणि चार जणांना ते दिवसरात्र घालायला दिले. पहिल्या दिवशी त्यांची वर-खालीची ओळख कोलमडली. काही आठवड्यांत मात्र मेंदू या नव्या कानांना सरावला आणि दिशा पुन्हा कळायला लागल्या. मला खरा नवलाचा वाटतो तो पुढचा भाग. साचे काढल्यावर जुनी ओळख लगेच हजर होती, पुन्हा शिकावं लागलं नाही. शाळेत शिकलेली आणि घरात बोललेली भाषा एकाच डोक्यात नांदते, तसंच म्हणायचं.

आता साध्या हेडफोनमध्ये गाणं ऐकताना गायिका डोक्याच्या आत का बसलेली असते, ते कळेल. स्टिरिओ जन्माला आला स्पीकरसाठी. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने 1931 मध्ये त्याचं पेटंट मागितलं. समोरच्या दोन स्पीकरपैकी डाव्याचा आवाज उजव्या कानालाही जातो, जरा उशिरा, जरा दबून, घड्यांवर आपटून आणि भिंतींवरून परतूनसुद्धा. हेडफोनमध्ये डाव्याचं फक्त डाव्याला, उजव्याचं फक्त उजव्याला. उशीर नाही, सावली नाही, भिंत नाही. एवढा कोरा आवाज मेंदूने निसर्गात कधी ऐकलेला नसतो, मग तो त्याला दोन कानांच्या मध्ये, कवटीतच जागा देतो. एक गंमत म्हणजे कानाला लावायचा स्टिरिओ स्पीकरवरच्यापेक्षा जुना आहे. क्लेमाँ अदेर या फ्रेंच अभियंत्याने 1881 च्या पॅरिसच्या वीज प्रदर्शनात ऑपेराच्या रंगमंचावरून टेलिफोनच्या तारा ओढल्या होत्या. लोक दोन्ही कानांना दोन रिसीव्हर लावायचे आणि दोन किलोमीटरहून लांब बसून नट कुठल्या बाजूने कुठे चालला ते सांगायचे.

तर ओंकारच्या सॉफ्टवेअरला करायचं एवढंच की हेडफोनने जे काढून टाकलं ते हिशेबाने परत घालायचं. त्यासाठी आधी मोजमाप लागतं. माणसाच्या सरासरी मापाचा, रबरी कान बसवलेला पुतळा घ्यायचा, कानांच्या भोकांत मायक्रोफोन ठेवायचे, सगळीकडे स्पीकर फिरवून खटका वाजवायचा आणि आत काय पोचलं ते टिपायचं. असा ‘केमार’ नावाचा पुतळा 1972 पासून आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने 1994 मध्ये त्याच्यावर 710 ठिकाणांहून मोजमापं घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली. एका दिशेचं मोजमाप म्हणजे एक जोडी गाळणी, डाव्या कानाची आणि उजव्या कानाची. या गाळण्यांना तज्ज्ञ एचआरटीएफ म्हणतात. सात स्पीकरच्या चौदा गाळण्या होतात. मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज त्याच्या जोडीतून गाळायचा, मग पुढचा, मग त्यापुढचा. शेवटी सगळ्या डाव्यांची बेरीज डाव्या वाटीत आणि उजव्यांची उजव्या वाटीत. ‘.1’ म्हणजे सबवूफरचा घुमारा. त्याच्या लाटा कित्येक मीटर लांब असतात, त्याला दिशा जवळजवळ नसतेच, म्हणून त्याची गाळणीही लागत नाही.

गाळणं म्हणजे काय, हे कळायला कान्हेरीला जावं. तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यात उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी क्षणात संपते, लेणं मात्र पुढे बराच वेळ बोलत राहतं. ती एक टाळी शेपटासकट ध्वनिमुद्रित केली की ते लेणं तुमच्या खिशात आलं म्हणा. कुठलाही कोरा आवाज घ्या, त्याच्या प्रत्येक सूक्ष्म ठिपक्याला टाळीचं ते शेपूट जोडा, सगळी शेपटं एकमेकांवर रचा. स्वयंपाकघरात म्हटलेली आरती लेण्यात म्हटल्यासारखी ऐकू येते. कानाची गाळणी हेच करते, फक्त तिचं शेपूट काही मिलिसेकंदांचंच असतं. आणि नुसती कानाची गाळणी लावली तर आवाज पुष्कळदा डोक्याला चिकटूनच राहतो. तो बाहेर काढायला वर थोडी खोलीही घालावी लागते, म्हणजे भिंतींवरून परतणारे आवाज.

इथे दोन ठिकाणी घोडं पेंड खातं. पहिलं, कान कुणाचे? मी दोन बारके मायक्रोफोन कानांच्या तोंडाशी अडकवून सकाळी दादरच्या भाजीबाजारातून एक फेरी मारली. घरी हेडफोनवर ऐकलं तर कोथिंबीरवाल्या मावशी माझ्या समोर, हातगाडी मागून येतेय, वर पुलावर माणसं. हेच आईला ऐकवलं तर मावशी तिच्या पाठीमागे गेल्या. माझ्या कानाचे खड्डे तिच्या मेंदूला वाचता येईनात. पुतळ्याच्या सरासरी कानांचंही तसंच, कुणाला जमतात, कुणाला नाही. म्हणून हल्ली काही कंपन्या फोनच्या कॅमेऱ्याने तुमच्या कानाची मापं घेऊन त्याबरहुकूम गाळणी जुळवतात. अॅपलने ही सोय 2022 मध्ये आणली.

दुसरं, मान. आवाज मागचा की पुढचा असा संशय आला की आपण नकळत मान जराशी वळवतो. उजवीकडे वळवल्यावर समोरचा आवाज डावीकडे सरकतो, मागचा उजवीकडे. झाला निकाल. मानसशास्त्रज्ञ हान्स वॉलाक यांनी 1940 साली प्रयोगांनी हे दाखवलं. साध्या हेडफोनमध्ये मान वळवली की अख्खा बाजार मानेबरोबर वळतो. जगात असं कधी होत नाही, मग मेंदूचा विश्वास उडतो. त्यावर उपाय म्हणून इअरफोनमध्ये मान कुठे वळली ते सांगणारे संवेदक बसवतात आणि गाळण्या क्षणाक्षणाला बदलतात. मला विचाराल तर खोक्यावरच्या सात-आठ आकड्यांपेक्षा हा एक गुण लाखमोलाचा. त्यातही एक फट होतीच. बेस्टची बस वळणावर वळली की संवेदकाला वाटतं मानच वळली. म्हणून फोनमधल्या संवेदकाशी ताळा करतात. दोघेही एकदम वळले तर वळली ती बस.

ओंकारच्या हेडफोनमध्ये यातलं काहीच नव्हतं आणि त्याची तक्रार वेगळीच होती. गेममध्ये शत्रूची पावलं मागून येताना सगळा चिखल ऐकू यायचा. पाहिलं तर गेमने स्वतःच हेडफोनसाठी गाळणी लावली होती आणि त्यावर हेडफोनच्या सॉफ्टवेअरने आपली 7.1 ची लावली होती. चहा एकदा गाळावा, दोनदा गाळला तर काही बिघडत नाही, पण इथे एका कानातून गेलेला आवाज दुसऱ्या कुणाच्या कानात पुन्हा घातला जात होता. खोक्यावरची ती ठळक 7.1 बंद केली, गेमची तेवढी ठेवली. प्रत्येक पाऊल कुठे पडतंय हे गेमला नेमकं ठाऊक असतं, त्याला सात स्पीकरच्या मधल्या दलालीची गरजच काय? गेमच्या यादीत पाच तऱ्हेचे कान निवडायला होते. चौथे ओंकारला बसले.

माळ्यावरचा खोका मी तरीही विकलेला नाही. दिशा कानांतून कळते, पण ढोल-ताशाचा ठोका छातीत आणि पायाखालच्या लादीत जाणवतो, तो कुठल्याच हेडफोनच्या वाट्यांत मावत नाही. आणि खालच्या काकू मे महिन्यात गावाला जातात.