फाउलिंग म्हणायचे की वस्ती? केल्पच्या शेतीतला जुना पेच

टोकियोच्या उपसागरात 17व्या शतकापासून उथळ पाण्यात फांद्या रोवून नोरी (खाण्याचे एक समुद्री शैवाल) धरली जाई. चीनमध्ये केल्पची (मोठ्या पात्यांच्या तपकिरी समुद्री शैवालाची) मोठी शेती उभी राहिली ती 1950 च्या दशकात. या सगळ्या काळात शैवालावर चढून बसणारे इतर जीव म्हणजे कटकटच. नोरीची जाळी ओहोटीत उघडी पाडून वाळवतात ती याचसाठी. नोरी ते ऊन सोसते, तिच्यावर बसलेले डायटम (सूक्ष्म एकपेशीय शैवाल) मरतात.

'फाउलिंग' हा शब्द मुळात जहाजांचा. तळाला बार्नेकल, कालवे चिकटली की वेग घटतो, इंधन जास्त जळते. कोकणात होडी किनाऱ्यावर ओढून तळ खरवडतात, तोच हा प्रकार. शैवालशेतीने हा शब्द उसना घेतला आणि त्यातला निकालही सोबत आला: चिकटले ते वाईट. रानटी केल्पवर तोच प्राणी दिसला, तर अभ्यासक त्याला अधिजीव (दुसऱ्या जीवावर राहणारा) म्हणतात आणि त्याची जैवविविधतेत गणना करतात. म्हणजे एकाच प्राण्याच्या दोन नोंदी, एक तोट्याची, एक जमेची. शेतकऱ्याची तक्रार मात्र खोटी नाही. मेम्ब्रानिपोरा नावाचा ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारा सूक्ष्म प्राणी) पात्यावर पांढरी जाळीदार साय पसरवतो, पाते ठिसूळ होते आणि लाटेत तुटते.

नॉर्वेत शुगर केल्प या जातीच्या व्यावसायिक शेतीला पहिले परवाने 2014 मध्ये मिळाले. केल्पची रोपे लावलेले दोर शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात समुद्रात सोडायचे, आणि पाणी तापून ही साय पसरण्याआधी, एप्रिल ते जूनमध्ये पीक काढायचे. पुढे याच शेतीला 'समुद्रजीवांचे घर' म्हणून पुढे करण्यात आले. ज्यांचे घर, ते राहायला येण्याआधीच घर उचलले जाते, हे त्या जाहिरातीत सहसा नसते.

या दाव्यामागचे आकडे बहुधा शेजाऱ्याचे, म्हणजे रानटी केल्पचे असतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी केल्पवरची जीवसंख्या पाहून एक तरुण इंग्रज निसर्गअभ्यासक, चार्ल्स डार्विन, 1834 मध्येच थक्क झाला होता. नॉर्वेच्या किनाऱ्यावर एका अभ्यासात 238 प्रजाती आणि एकेका केल्पवर सरासरी 8000 च्या आसपास प्राणी मोजले गेले. पण ती लॅमिनारिया हायपरबोरिया ही रानटी केल्पची जात. ती दहा वर्षांहून अधिक जगते, तिच्या खरबरीत देठावर लाल शैवाल वाढते, आणि खडक धरून बसलेल्या मुळांसारख्या गुंत्यात प्राणी दडतात. दोरावरच्या शुगर केल्पचा देठ गुळगुळीत, आयुष्य सहा-आठ महिन्यांचे.

नॉर्वेतल्याच या रानटी केल्पची यंत्राने काढणी दर 5 वर्षांनी होते. हे अंतर पुरेसे आहे का, यावर वाद आहे. केल्प दोन-तीन वर्षांत उभा राहतो, पण त्यावरची वस्ती सहा वर्षांनीही पूर्ण भरलेली नसते, असे आढळले. मग आठ महिन्यांच्या दोराकडून काय अपेक्षा ठेवायची?

काहीच नाही, असेही नव्हे. दोर जूननंतर तसेच ठेवले, तर छोटे शिंपले, गोगलगायी, झिंग्यांसारखे अँफिपॉड येतात. म्हणून काही दोर न काढता सोडावेत, अशी सूचना होते. त्या दोरांचे पैसे कोणी द्यायचे, इथे ती अडते.

भारतात तामिळनाडूच्या मंडपमकडे कप्पाफायकस हे शैवाल बांबूच्या तराफ्यांवर लावतात आणि सुमारे 45 दिवसांत काढतात. तराफ्याखाली जाळे बांधलेले असते, माशांनी पीक खाऊ नये म्हणून.