एका दिवसातले दोन ऋतू आणि सायकल

पुण्यात फेब्रुवारीचं सरासरी किमान तापमान १२-१३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि सरासरी कमाल तापमान ३२ अंशांच्या. म्हणजे पहाट आणि दुपार यांच्यात वीस अंशांचा फरक. समुद्रशेजारी असलेल्या मुंबईत याच महिन्यात हा फरक बराच कमी असतो. पहाटे सहाला २०० किलोमीटरच्या ब्रेवेला (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीला) निघालेल्या सायकलस्वाराला ती पूर्ण करायला साडेतेरा तासांची मुदत मिळते. तेवढ्या वेळात तो कानटोपीच्या हवेतून निघून उन्हाळ्यात पोचतो आणि संध्याकाळी पुन्हा गारव्यात येतो. त्याची सायकलही.

सायकलची देखभाल म्हटलं की आपल्याला पावसाळा आठवतो. चिखल आणि गंज तेव्हा डोळ्यांना दिसतात. फेब्रुवारी कोरडा दिसतो, म्हणून सायकल तशीच भिंतीला टेकवून ठेवली जाते. माझं मत असं, की दख्खनच्या पठारावर सरत्या हिवाळ्यातला हा महिना-दीड महिना सायकलसाठी पावसाळ्याइतकाच कसोटीचा असतो. फरक इतकाच की तिचं नुकसान दिवसागणिक थोडं थोडं होतं आणि लवकर लक्षात येत नाही.

सुरुवात हवेपासून करू, कारण इथे गणित सरळ आहे. बंदिस्त हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. निरपेक्ष तापमान म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणारा आकडा. पंपावरचा काटा मात्र पूर्ण दाब दाखवत नाही, बाहेरच्या वातावरणापेक्षा किती जास्त तेवढंच दाखवतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात वातावरणाचा दाब साधारण १३.८ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, हे दाबाचं माप) असतो. आता समजा, दुपारी ३२ अंशांना टायरमध्ये ८० पीएसआय हवा भरली. पूर्ण दाब झाला ९३.८. पहाटे १२ अंशांना तो २८५ भागिले ३०५ या प्रमाणात उतरतो आणि काटा ७४ दाखवतो. हवा कुठूनही गळलेली नसताना सहा पीएसआय गेले. त्यात ब्यूटाइल रबराची ट्यूब रोज थोडी हवा सोडतेच, आणि पातळ लेटेक्स ट्यूब तर एका रात्रीत बरीच उतरते. अशा मऊ टायरने अंधारात खड्ड्याची कडा धरली की टायर चेपतो, ट्यूब रिमवर चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

पहाटे घाई नको म्हणून बरेच जण आदल्या दिवशीच हवा भरून ठेवतात. फेब्रुवारीत ही सवय बदलायला हवी. हवा निघताना भरावी किंवा निदान काटा तेव्हा बघावा. उलट बाजूची भीती मात्र फारशी खरी नाही. पहाटे १२ अंशांना भरलेले ८० पीएसआय दुपारी ३२ अंशांना ८७च्या जवळ जातात. सायकल उन्हात उभी राहून आतली हवा ५० अंशांवर गेली तरी आकडा ९३च्या खालीच राहतो. शंभरच्या वर मर्यादा असलेला टायर त्याने फुटत नाही. 'उन्हाने टायर फुटला' असं म्हणतात तेव्हा टायर रिमवर नीट बसलेला नसणं किंवा त्याची कड झिजलेली असणं, असं काहीतरी कारण बहुधा आधीपासून असतं. हूकलेस रिम (टायर अडकवणारी आत वळलेली कड नसलेली) वापरणाऱ्यांनी मात्र जपावं. तिथे कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते. पहाटे त्या आकड्यापर्यंत हवा भरू नये. आणि रस्त्यात पंक्चर काढून कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याने हवा भरली असेल, तर घरी आल्यावर ती सोडून साधी हवा भरावी. हा वायू ब्यूटाइल रबरात विरघळतो आणि साध्या हवेपेक्षा फार लवकर बाहेर पडतो.

टायरबाहेरची हवाही बदलते. १२ अंशांची हवा ३२ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के जड असते. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. त्यामुळे तितक्याच ताकदीने पहाटे वेग साधारण अर्धा-पाऊण किलोमीटरने कमी पडतो. थंड रबर वळताना जास्त ऊर्जा खातं, तो तोटा वेगळाच. स्ट्राव्हा या राइड नोंदवणाऱ्या ॲपवरचा पहाटेचा आकडा पाहून कुणी खट्टू होत असेल, तर त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

थंडीही सगळीकडे सारखी नसते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, तिला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून खोलगट भागात जमा होते. म्हणून पाषाण किंवा एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूचं किमान तापमान मगरपट्ट्यापेक्षा काही अंशांनी कमी असल्याची बातमी पुणेकर दर हिवाळ्यात वाचतात. खडकवासल्याकडे जाताना नदीकाठी बोटं बधिर होतात आणि सिंहगडाचा घाट थोडा चढल्यावर तीच हवा सुसह्य वाटते, त्यात चढणीच्या श्रमाइतकाच या उलट्या तापमान-थराचाही (खाली गार, वर उबदार) वाटा असतो.

शरीराचं गणित उतारावर फिरतं. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाव किंवा त्याहून कमी भाग पेडलपर्यंत पोचवतात; उरलेल्याची उष्णता होते. १५० वॉट ताकद लावून बोपदेव घाट चढणारा माणूस साडेचारशे ते सहाशे वॉट उष्णता तयार करत असतो. माथ्यावर पोचला की पेडल थांबतं आणि ही शेगडी विझते. नेमकं तेव्हाच ताशी ४० किलोमीटरचा वारा अंगावर येतो. १० अंशांची हवा या वेगाला कातडीला ६ अंशांसारखी लागते, आणि कपडे घामाने ओले असतील तर त्याहूनही गार, कारण एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. युरोपातले शर्यतपटू खिंडीच्या माथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीवर सरकवत आले आहेत. हा उपाय आपल्याकडेही तितकाच चालतो. कागद वारा अडवतो, थोडा घाम टिपतो, आणि चहाच्या टपरीवर फुकट मिळतो.

आता चेन. माझ्या मते या हंगामात सायकलचा सगळ्यात जास्त सोसणारा भाग हाच.

आजच्या सायकलची बुश-रोलर (पिनांभोवती छोट्या फिरत्या नळ्या असलेली) चेन हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली पेटंट केलेल्या रचनेतून आली आहे. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. रोडबाइकच्या चेनमध्ये अशा एकशेदहाच्या आसपास पिना असतात. चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा भाग एकमेकांवर घासून झिजतो. एका पिनेमागे ०.०६ मिलिमीटर झीज झाली की चेन अर्ध्या टक्क्याने लांबते, पूर्ण लांबीत सुमारे सात मिलिमीटर. अकरा-बारा गिअरच्या कॅसेटला (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) चेन बदलण्याची वेळ हीच. जुन्या आठ-नऊ गिअरच्या सायकलीला ०.७५ टक्क्यांपर्यंत थांबलं तरी चालतं. मोजायला स्टीलची पट्टी पुरते. पिनेपासून पिनेपर्यंत चोवीस अंतरं बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरली पाहिजेत. दीड मिलिमीटर जास्त भरलं की नवी चेन घ्यावी, कारण लांबलेली चेन कॅसेटचे दात आपल्या मापाने कोरते आणि मग कॅसेटचाही खर्च येतो.

झीज कशाने होते? आपल्याकडे फेब्रुवारीत मुख्यतः धुळीने. पावसाने बसलेली माती ऑक्टोबरपासून सुकत येते. दुपारी जमीन तापली की हवा उसळते, वारा सुटतो आणि धूळ उडते. ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो. सासवड-जेजुरीच्या पुढे ट्रॉल्या आणि बैलगाड्या शेतातली माती चाकांना लावून डांबरावर आणतात. दख्खनची धूळ बसाल्टची, आणि बसाल्टमधली फेल्डस्पार व पायरॉक्सीन ही खनिजं मोह्सच्या कठिणता-श्रेणीत साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान येतात. साध्या सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास असतं. ही धूळ तेलात कालवली की घासकामाची लेपी तयार होते, आणि आपण ती प्रत्येक पेडलगणिक पिनांच्या सांध्यांत फिरवतो.

म्हणून मळक्या चेनवर तेल सोडणं हे तेल न घालण्यापेक्षा वाईट. आधी कोरड्या फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवावं. काळं निघायचं थांबेपर्यंत. मग प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब, काही वेळ मुरू द्यायचं आणि बाहेरचं तेल पूर्ण पुसून टाकायचं. तेलाची गरज आत असते. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ साली जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी चेनची कार्यक्षमता मोजली. ती ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली आणि स्वच्छ चेनवर वंगणाने फारसा फरक पडला नाही. तेल हे मुख्यतः चेनचं आयुष्य वाढवण्यासाठी असतं, वेगासाठी कमी, असा मी याचा अर्थ लावतो. या कोरड्या दिवसांत मेणाचं वंगण उत्तम, कारण त्याला धूळ कमी चिकटते. पण ते रात्री लावावं, त्यातला द्रावक उडून जायला वेळ लागतो.

काही घरांत चेनला खोबरेल तेल लावतात. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, हे हिवाळ्यात बाटली पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यात वनस्पती तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू चिकट होतात. शिलाई मशीनचं तेल त्याहून बरं; फार टिकत नाही, पण चिकटत नाही. रॉकेल-डिझेलने धुवायचं असेल तर चेन पूर्ण वाळेपर्यंत नवं तेल घालू नये, नाहीतर आत उरलेलं रॉकेल ते पातळ करतं.

थंडीत गिअर नीट पडत नाहीत, अशी तक्रार असते. केबल आखडते म्हणून, असं कारण सांगितलं जातं. वीस अंशांच्या फरकाने फ्रेमचं एक मीटर ॲल्युमिनियम ०.४६ मिलिमीटरने आणि केबलचं पोलाद ०.२४ मिलिमीटरने बदलतं. दोघांतला फरक ०.२ मिलिमीटर. एवढ्याने गिअर बिघडत नाहीत. केबलच्या आवरणात साचलेली धूळ आणि थंडीत घट्ट झालेलं जुनं ग्रीस हे खरं कारण. केबल-आवरण बदललं की बहुतेक वेळा काम होतं.

राहिला गंज. कोरड्या महिन्यात गंज कसा, हा प्रश्न रास्त आहे. एक घनमीटर हवेत साडेआठ ग्रॅम बाष्प आहे असं धरू. १२ अंशांना तेवढी हवा सुमारे १०.७ ग्रॅम बाष्प सामावू शकते, म्हणजे आर्द्रता ८० टक्के झाली. दुपारी ३२ अंशांना ती जवळजवळ ३४ ग्रॅम सामावू शकते. तीच आर्द्रता २५ टक्क्यांवर येते. बाष्प तेवढंच, पण सायकल रोज दमट आणि कोरडी अशा दोन्ही हवांतून जाते. आता यात घामातलं मीठ घाला. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणावते ती यामुळेच. दुपारी हँडलच्या बोल्टवर, हँडल धरणाऱ्या स्टेमखाली, बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूंवर वाळलेला घाम पहाटे असा ओला होतो, दुपारी सुकतो, पुन्हा ओला होतो. ओलं-सुकं हे चक्र धातूला सततच्या ओलीपेक्षाही जास्त खातं. ॲल्युमिनियमची सीटपोस्ट (सीटखालची नळी) पोलादी फ्रेमला चिकटून बसते तीही अशीच. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, की विद्युतघटच तयार होतो. राइडनंतर ओल्या फडक्याने घाम पुसणं आणि वर्षातून एकदा सीटपोस्ट काढून ग्रीस लावणं, यापेक्षा जास्त काही लागत नाही. दापोली-गुहागरची किनाऱ्याची फेरी करून आल्यावर मात्र साध्या पाण्याने पुसणं त्याच दिवशी व्हावं.

सायकल गच्चीवर किंवा उघड्या अंगणात ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. निरभ्र आकाशाखाली धातू रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि त्यावर दव धरतं. वर साधा पत्रा असला तरी उष्णता आकाशात जाणं अडतं आणि दव टळतं. म्हणून या दिवसांत पाऊस नसतानाही छप्पर हवं.

आणि पाऊस नसतोच असं नाही. उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणाऱ्या हवेच्या प्रणाली) आणि समुद्रावरून येणारं बाष्प यांची गाठ पडली की फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी येतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात मोठ्या भागात गारपीट झाली, ती अजून शेतकऱ्यांच्या आठवणीत आहे. अवकाळीची पहिली काही मिनिटं सायकलस्वाराला सगळ्यात धोक्याची. महिन्यांची धूळ, टायरचं रबर आणि गाड्यांचं तेल पाण्यावर तरंगून निसरडा थर होतो, आणि गतिरोधकाचे पांढरे पट्टे तर त्याहून निसरडे. शक्य असेल तर आडोशाला थांबावं, रस्ता धुऊन निघू द्यावा. रिम ब्रेक असतील तर ओल्या रिमवरचं पाणी निपटण्यातच चाकाचे पहिले काही फेरे जातात. उतारावर लिव्हर आधीपासून हलकेच धरून ठेवावं.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी चेन पुसून तेल द्यावं, मेण असेल तर ते पुन्हा लावावं. ब्रेकची रबरं बघावीत. त्यांत रुतलेली खडी आणि रिमचे चमकते कण टाचणीने काढले नाहीत, तर पुढच्या घाटात तेच रिमवर चरे पाडतात. शेवटी सीटपोस्ट काढून सायकल उलटी करावी. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी सीटपोस्टच्या फटीतून फ्रेममध्ये उतरतं आणि खाली बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलचा आस बसतो तिथे) साचून राहतं. पोलादी फ्रेम तिथूनच आतून गंजते, आणि बाहेरचा रंग फुगेपर्यंत काही कळत नाही.