नवजात बाळाला दूध किती लागते?

सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडे गाय व्यायली की वासराला तासाभरात चीक पाजायचा, हे कुणाला सांगावे लागत नाही. त्याच घरातली लेक बाळंत झाली की मात्र दुसऱ्या दिवशी ‘हिला अजून दूधच उतरलं नाही’ अशी काळजी सुरू होते आणि वरच्या दुधाची वाटी पुढे येते. ही काळजी बहुतेक वेळा अनाठायी असते.

पहिल्या चोवीस तासांत बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिलीलिटर, म्हणजे फार तर चहाचे दोन चमचे दूध पिते. दुसऱ्या दिवशी हे प्रमाण ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० आणि चौथ्या दिवशी ३० ते ६० मिलीलिटरपर्यंत जाते. आईचे शरीरही याच चढाने दूध तयार करते. वार (प्लॅसेंटा) पडल्यानंतर तिच्या रक्तातले प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातले संप्रेरक झपाट्याने उतरते, दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला वाव मिळतो आणि दोन ते पाच दिवसांत दूध भरून येते. तोवर येणारा पिवळसर चीक थोडाच असतो, पण त्यातली प्रतिपिंडे आणि पांढऱ्या पेशी बाळाच्या आतड्याचे जंतूंपासून रक्षण करतात. तो पिळून टाकणे हे बाळाचे मोठेच नुकसान आहे.

वरचे दूध पोटात गेले की बाळ कमी चोखते, आणि चोखणे कमी झाले की दूधही कमी तयार होते. अशा रीतीने नसलेली टंचाई खरोखरच उभी राहते.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजणे होते का, आणि पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा लंगोट लघवीने ओले होतात का, हे पाहावे. पहिल्या दिवसांत वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्याकडून बाळाचे वजन करून घ्यावे. घट दहा टक्क्यांवर गेली, बाळ सुस्त पडले किंवा ओढून पिईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

वैशाखातल्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागेल, तेव्हा जास्त वेळा पाजावे आणि पाण्याचा तांब्या आईच्या हाताशी ठेवावा.