फ्रिजियन सैनिक लढाईला काय घालून जायचा?

फ्रिजिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन राज्य, म्हटलं की टोक पुढे झुकलेली ती मऊ टोपीच आठवते, आणि तशाच आकाराचं ब्राँझचं हेल्मेट दिसलं की लोक लगेच त्याला फ्रिजियन योद्ध्याचं ठरवून टाकतात. खरं तर ती हेल्मेटं घातली ग्रीक आणि मॅसेडोनियन सैनिकांनी, आणि ग्रीक चित्रकार ती टोपी ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस यालाही घालायचे नि दंतकथांतल्या लढवय्या अ‍ॅमेझॉन बायकांनाही, म्हणजे पूर्वेकडचा माणूस दाखवायची ती त्यांची ठरलेली खूण होती, त्यावरून खऱ्या सैनिकाचा पोशाख कसा ठरवणार?

मग फ्रिजियातच बनलेलं काय आहे ते बघू. तुर्कस्तानात पाझारली इथे 1937-38 च्या उत्खननात भाजलेल्या मातीच्या रंगवलेल्या फरशा सापडल्या, साधारण इ.स.पू. सहाव्या शतकातल्या, इमारतीला बाहेरून लावायच्या. त्यांवर सैनिक चालत निघालेत, हातात भाला, गोल ढाल, डोक्यावर तुरेवालं हेल्मेट. सगळे हुबेहूब सारखे. बघून वाटतं की अरे वा, यांच्या फौजेला युनिफॉर्म होता! पण या फरशा साच्यातून काढलेल्या आहेत, आपल्याकडे एका साच्यातून गणपती काढतात तशाच, त्यामुळे तो सारखेपणा फौजेचा नाही, साच्याचा आहे. शिवाय गोल ढाल आणि तुरा त्या काळच्या ग्रीक चित्रांत सर्रास दिसतो आणि त्याआधी कार्केमिश या सीरियाच्या सीमेवरच्या प्राचीन शहरातल्या दगडी शिल्पांतही आहे, त्यामुळे कारागिराने समोरचा सैनिक बघून हे घडवलं की चालत आलेली डिझाइन उचलली, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

थडग्यांत उत्तर मिळेल म्हणावं तर फ्रिजियाची राजधानी गॉर्डियन इथलं सगळ्यात मोठं थडगं, 53 मीटर उंच टेकाडाखालचं, 1957 मध्ये उघडलं तेव्हा आत राजा होता, ब्राँझची भांडी, पट्टे, कपड्याला लावायच्या ढीगभर पिना होत्या, पण शस्त्र एकही नाही.

राहता राहिला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस. इ.स.पू. 480 च्या पर्शियन राजा झर्क्सिसच्या ग्रीसवरच्या स्वारीबद्दल तो लिहितो की त्याच्या फौजेतल्या पॅफ्लागोनियन लोकांकडे, म्हणजे फ्रिजियनांच्या शेजाऱ्यांकडे, विणलेली शिरस्त्राणं, छोट्या ढाली, बेताचे भाले, फेकायचे भाले नि खंजीर होते, पायात अर्ध्या पोटरीपर्यंतचे बूट, आणि फ्रिजियनांचंही थोड्याफार फरकाने तसंच. पाझारलीच्या तुरेवाल्या हेल्मेटशी हे जुळत नाही, पण मला यातलं 'विणलेली' फार मोलाचं वाटतं, कारण विणलेली वस्तू मातीत सहसा कुजूनच जाते, त्यामुळे खोदताना हेल्मेट सापडलं नाही म्हणून डोकं उघडं होतं असं धरता येत नाही.