स्लाइड घरी नीट, वर्गात विस्कटलेली का?

आपल्या एखाद्या पॉवरपॉइंट सादरीकरणाच्या पीपीटीएक्स फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटचं ‘पीपीटीएक्स’ खोडून तिथे ‘झिप’ लिहा आणि ती उघडून पाहा. आत चक्क फोल्डर सापडतात. एकात तुम्ही घातलेले फोटो सुटे ठेवलेले, दुसऱ्यात प्रत्येक स्लाइडची वेगळी मजकूर-फाइल. मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2007 पासून ही फाइल म्हणजे मुळात झिपच, अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं असते. नाव बदलल्याने आतलं काही बदलत नाही. म्हणूनच जुन्या पीपीटी फाइलला नुसतं नवं नाव दिलं तर ती पीपीटीएक्स होत नाही. ‘सेव्ह अ‍ॅज’ करूनच स्वरूप बदलावं लागतं.

त्यातली एक मजकूर-फाइल वाचली की खरी गंमत कळते. तिच्यात स्लाइडचं चित्र नसतं, सूचना असतात: चौकट इथे, रुंदी इतकी, मजकूर हा, फॉन्ट अमुक. फॉन्टचं फक्त नाव असतं. मुद्दाम समाविष्ट केल्याशिवाय फॉन्ट फाइलसोबत जात नाही. वर्गातल्या संगणकावर तो नसला, की जो आहे त्यावर काम भागवलं जातं. नव्या फॉन्टची अक्षरं जराशी रुंद असली तरी ओळी तुटतात आणि मजकूर चौकटीबाहेर सांडतो.

मराठीत हा त्रास जास्त. शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते. फॉन्ट गेला की मराठी दिसेनाशी होते आणि उरतात इंग्रजी अक्षरं व चिन्हं. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक क्रमांक-पद्धतीत ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, 0915. फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. शिकवण्याचं साहित्य अजूनही जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ते युनिकोडमध्ये आणण्याचे कष्ट घ्यायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं.

पीडीएफ 1993 मध्ये अ‍ॅडोबीने आणलं ते याच अडचणीवर. त्यात लागणारी अक्षरं सहसा फाइलमध्येच भरलेली असतात, त्यामुळे पान सगळीकडे सारखं दिसतं. अ‍ॅनिमेशन मात्र जातं. म्हणून दोन्ही प्रती सोबत ठेवाव्यात. व्हिडिओ नुसता लिंक केलेला असेल तर फाइलमध्ये त्याचा पत्ताच असतो. व्हिडिओ वेगळा न्यावा लागतो.

आता केबल. ती जोडताच लॅपटॉप प्रोजेक्टरकडून त्याची ओळख मागवतो. किमान 128 बाइटची ही माहिती ईडीआयडी या नावाने ओळखली जाते. कोणतं रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे किती ठिपके, चालेल ते तिच्यात असतं. केबलमधली त्यासाठीची तार तुटलेली असेल तर लॅपटॉपला अंदाजाने चित्र पाठवावं लागतं, कधी पडदा कोराच राहतो. केबल बदलण्याआधी प्रोजेक्टरवर योग्य ‘सोर्स’, म्हणजे केबल जोडलेली जागा, निवडलाय का ते बघा. मग विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.

चित्र आलं तरी ते फिकं का? अनेक प्रोजेक्टरमध्ये सूक्ष्म आरशांची चिप असते. ती 1987 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी विकसित केली. 1024×768 च्या चिपवर 7,86,432 आरसे असतात. प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा कलून प्रकाश भिंगाकडे पाठवतो किंवा बाजूला वळवतो. बाजूला वळवला की तो ठिपका ‘काळा’. पण प्रोजेक्टर काळोख टाकू शकत नाही. तिथे दिसतो तो पडद्याचाच रंग, खोलीतल्या उजेडासकट. उजेडात गडद पार्श्वभूमीची स्लाइड राखाडी होते आणि बारीक रंगीत अक्षरं विरून जातात. दिवे मालवता येत नसतील तर पांढऱ्यावर काळी, ठळक अक्षरं ठेवा आणि निदान पडद्यावरचा दिवा तेवढा बंद करा.